परवाना लागत नाही, मग नोटीस कशाची? (परसातली शेड, गॅरेज आणि इतर दुय्यम बांधकामे)

परसदार

बागेची हत्यारे, सायकली आणि गवत कापण्याचे यंत्र ठेवायला मी सहा महिन्यांपूर्वी घरामागे एक तयार लाकडी शेड बसवली. आकार 3 मीटर बाय 3.6 मीटर, म्हणजे 10.8 चौरस मीटर. आढ्याची उंची सरासरी 2.9 मीटर. खाली काँक्रीट नाही. खडीचा थर आणि त्यावर आडव्या टाकलेल्या जाड लाकडी तुळया, एवढाच पाया. एवढ्या आकाराच्या शेडला परवाना लागत नाही, असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि स्थानिक कार्यालयाच्या माहितीपत्रकातही तसेच छापलेले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

गेल्या आठवड्यात नोटीस आली. मागच्या हद्दीपासून किमान 1.5 मीटर सामासिक अंतर हवे, ते सोडलेले नाही. शिवाय शेड सुविधाधिकाराच्या, म्हणजे माझ्या जागेत इतरांना असलेल्या वापरहक्काच्या, पट्ट्यात येत असल्याचे दिसते. तरी 30 दिवसांत लेखी खुलासा करावा, असा एकूण मजकूर आहे. कुंपणापासून शेडच्या भिंतीपर्यंत मी टेप लावून पाहिला तेव्हा बरोबर एक मीटर भरला. माझे प्रश्न दोन आहेत. ज्या गोष्टीला परवानाच लागत नाही तिच्यासाठी नोटीस कशी येऊ शकते? आणि शेड न मोडता यातून काही मार्ग निघतो का?

गुण्या

खुलासा लिहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट करा. नोटिशीत नियमाचा जो क्रमांक दिला असेल तो मूळ नियमावलीत काढून शब्दन् शब्द वाचा. अंतर भिंतीपासून मोजायचे की छपराच्या कडेपासून, उंची कोठल्या पातळीपासून धरायची, हे व्याख्यांच्या प्रकरणात दडलेले असते आणि ते प्रकरण सहसा कोणी उघडत नाही. आणि कृपा करून कुंपणाला हद्द समजू नका.

ओळंबा

मी बरीच वर्षे बांधकामाचे आराखडे तपासण्याचे काम केले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबवूनच देतो, कारण या विषयातले निम्मे तंटे याच एका गैरसमजातून उगवतात.

‘परवाना लागत नाही’ या वाक्यात कोणता परवाना, ते सांगितलेले नसते. बांधकाम संहिता आणि झोनिंगची नियमावली या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. इमारत कशी उभी राहते, म्हणजे पाया, छत, वारा, आग आणि वीज, हे संहिता पाहते. कोणत्या भूखंडावर, कोठल्या बाजूला, केवढे आणि कोणत्या वापरासाठी बांधायचे, हे झोनिंग ठरवते. लहान शेडला मिळणारी सूट बहुधा संहितेतली असते. अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या नमुना निवासी संहितेवर आपले नियम बेततात, तिच्यात 200 चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 18.6 चौरस मीटरच्या, एकमजली आणि घरापासून सुट्या दुय्यम इमारतीला बांधकाम परवान्यातून सूट आहे. अनेक शहरांनी ती मर्यादा 120 चौरस फुटांवरच ठेवली आहे. परंतु त्याच कलमात असेही स्पष्ट म्हटले आहे की परवान्यातून सूट मिळाली म्हणून या संहितेचे किंवा अन्य कोणत्याही कायद्याचे उल्लंघन करण्याची मुभा मिळत नाही. माहितीपत्रकात छापताना नेमके हेच वाक्य गळते.

इंग्लंडमध्येही अशीच दोन दारे आहेत. नियोजनाच्या दारात, शेड एकमजली असेल, वळचणीची उंची 2.5 मीटरपर्यंत असेल, दुपाखी छपराचे आढे 4 मीटरच्या आणि इतर छपरांची कमाल उंची 3 मीटरच्या आत असेल आणि घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे ती येत नसेल, तर सर्वसाधारणपणे वेगळा अर्ज करावा लागत नाही. मात्र शेडचा कोणताही भाग हद्दीच्या 2 मीटरच्या आत आला की संपूर्ण शेडची उंची 2.5 मीटरच्या वर जाता कामा नये. दुसरे दार इमारत नियमांचे: 15 चौरस मीटरपर्यंत, आणि आत झोपण्याची सोय नसेल, तर सूट, 15 ते 30 चौरस मीटरच्या शेडला सूट हवी असेल तर ती हद्दीपासून किमान एक मीटर दूर हवी, नाही तर मुख्यतः न जळणाऱ्या साहित्याची हवी. एका दारातून आत गेलेला माणूस दुसऱ्या दारात अडकू शकतो, तसे तुमचे झाले आहे.

आता ‘दुय्यम’ या शब्दाविषयी. न्यूयॉर्कने 1916 मध्ये संपूर्ण शहरासाठी झोनिंगचा ठराव केला, आणि ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 मध्ये झोनिंग घटनेला धरून असल्याचे मान्य केले. या पद्धतीत प्रत्येक भूखंडाला एक मुख्य वापर असतो आणि शेड, गॅरेज, हरितगृह यांना जागा मिळते ती त्या मुख्य वापराला पूरक आणि आकाराने गौण म्हणून. म्हणूनच पुष्कळ नियमावल्यांत, घर नसलेल्या रिकाम्या भूखंडावर आधी नुसती शेड उभारता येत नाही. जागा तुमची असली तरी, पूरक व्हायला तिथे मुख्य असे काही नसते.

कोनाडा

आंतरजालावर कोठे ना कोठे ‘अमुक देशात इतक्या चौरस मीटरपर्यंत मोकळीक’ असे वाचून लोक आपल्या अंगणात खड्डे खणायला घेतात, म्हणून हे आकडे किती बदलते असतात ते नोंदवतो. स्वीडनने 1979 पासून 10 चौरस मीटरपर्यंतची छोटी घरकुले परवान्याविना बांधू दिली. ही सवलत आणणाऱ्या मंत्री बिर्गित फ्रिग्गेबो यांच्या नावावरून लोक त्यांना ‘फ्रिग्गेबूद’ म्हणू लागले, आणि 2008 मध्ये ती मर्यादा 15 चौरस मीटर झाली. न्यूझीलंडने 2020 मध्ये आपली मर्यादा काही अटींवर 10 वरून 30 चौरस मीटरवर नेली. कॅनडातील ऑन्टारिओने 2022 मध्ये शेडची मर्यादा 10 वरून 15 वर नेली, पण शेड एकमजली, सुटी, केवळ साठवणीसाठी आणि नळजोडणी नसलेली असावी, ही अट ठेवूनच. जपानमध्ये आधीच घर असलेल्या जागेत 10 चौरस मीटरपर्यंतची भर पूर्वतपासणीच्या अर्जाविना घालता येते, मात्र दाट वस्तीच्या अग्निप्रतिबंधक क्षेत्रांत ही सवलत नाही. सवलत मिळते ती फक्त तपासणीपासून. हद्दीपासूनचे अंतर, भूखंडाचा किती भाग झाकला जातो आणि वापर कोणता, हे प्रश्न तसेच उभे राहतात.

पागोळी

मी कुंपणाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते आहे. आमच्या शेजाऱ्यांनी हद्दीला जवळजवळ चिकटून शेड बांधली. भिंत त्यांच्याच जागेत होती, याबद्दल माझी तक्रार नव्हती. परंतु छपराचा उतार आमच्याकडे आणि पन्हळ लावलेली नव्हती, त्यामुळे पहिल्याच पावसात वळचणीच्या पागोळ्यांनी आमच्या वाफ्यात कुंपणाला समांतर अशी बोटभर खोल चर पाडली आणि पुढे तेच पाणी आमच्या जोत्याकडे वळले. मागच्या भिंतीला रंग द्यायचा तर माणूस आमच्या अंगणात उभा करावा लागे, आणि कुंपण व शेड यांमधल्या वितभर फटीत कुजलेली पाने, घुशी आणि मोडके सामान यांचा संसार थाटला गेला.

सामासिक अंतर म्हणजे कागदी घोडे, असे म्हणणाऱ्यांनी त्या फटीत एकदा हात घालून पाहावा.

ओळंबा

पागोळी यांनी जे लिहिले आहे ते मी माझ्या नोकरीत शिकवायला हवे होते. त्यात आगीची बाजू जोडतो. लाकडी शेडमध्ये इंधन, रंग आणि सुके गवत असते. ती पेटली तर उष्णता समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचायला ज्वाळेचा स्पर्श लागत नाही, नुसता झोत पुरतो. वर उल्लेखिलेल्या नमुना संहितेत हद्दीपासून 5 फुटांच्या आत येणाऱ्या बाह्य भिंतीला, आग विझवणारे फवारे नसतील तर, तासभर आग थोपवण्याची क्षमता लागते. परवान्यातून सूट असलेल्या लहान शेडला त्यातून वगळले आहे, मोठ्या गॅरेजला नाही. सुटे गॅरेज हद्दीपासून 2 फुटांच्या आत असेल तर त्याची वळचण 4 इंचांपेक्षा जास्त बाहेर काढता येत नाही.

थापी

माझे गॅरेज जुन्या काळचे आहे आणि बाजूच्या हद्दीला टेकलेले आहे. आजच्या नियमांत ते अजिबात बसत नाही. ते पाडून त्याच जागी नवे बांधता येईल का?

ओळंबा

बांधले त्या वेळी ते नियमाला धरून होते, हे कागदोपत्री दाखवता आले तर ते ‘पूर्वापार चालत आलेले विसंगत बांधकाम’ ठरते आणि आहे तसे राहू शकते. डागडुजी सहसा चालते. वाढवता मात्र येत नाही, आणि स्वतःहून पाडले की हे संरक्षण बहुतेक ठिकाणी संपते. अर्ध्याहून अधिक नष्ट झाले तर नवीन बांधकाम नव्या नियमाने, असे कलम पुष्कळ नियमावल्यांत असते. आगीत किंवा वादळात गेलेल्या इमारतीला काही ठिकाणी ठराविक मुदतीत तिथेच पुन्हा उभारण्याची सवलत असते. ‘एकेक भिंत बदलत जाऊ’ ही युक्ती तपासनिसांनाही ठाऊक असते. पहिली वीट काढण्याआधी चारही बाजूंनी तारखेसह छायाचित्रे काढा आणि लेखी उत्तर मागून घ्या.

कोनाडा

गॅरेजचा विषय निघालाच आहे तर माझी चूक सांगतो. मी गॅरेजमध्ये आधी गालिचा टाकला, मग टेबल मांडले, मग पाहुण्यांसाठी पलंग आणला आणि शेवटी मोरी काढली. यातल्या कोणत्याही पायरीला ‘आता हे गॅरेज राहिले नाही’ असे मला वाटले नाही. नियमाच्या दृष्टीने मात्र पलंग आला तेव्हाच वापर बदलला होता, कारण माणूस झोपतो तिथे आणीबाणीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी, धुराची सूचना देणारे यंत्र, पुरेशी उंची आणि हवा या गोष्टी लागतात. मोटारीचा धूर आणि इंधनाची वाफ यांमुळे गॅरेजमधून थेट झोपण्याच्या खोलीत उघडणारे दारही नमुना संहितेत चालत नाही. सगळे उकलून परत करावे लागले. मोरी काढायला जितके दिवस लागले होते त्याच्या दुप्पट दिवस ती बुजवायला लागले.

आता काही ठिकाणी वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. घरांच्या टंचाईमुळे कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या कायद्यांनी गॅरेजचे राहत्या घरात रूपांतर करण्यातले बरेच अडथळे काढले. नियमात बसणाऱ्या अर्जावर स्थानिक संस्थेने 60 दिवसांत निर्णय द्यायचा, नव्या दुय्यम घराला बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून 4 फुटांहून अधिक अंतर मागायचे नाही, आणि गॅरेज गेल्यामुळे मोटार उभी करायला दुसरी जागा दाखवण्याची सक्ती करायची नाही, अशा त्यातल्या तरतुदी आहेत. तरीही परवाना घ्यावा लागतोच. राहण्यायोग्य घराचे सगळे निकष पाळून अर्ज करणे वेगळे आणि माझ्यासारखा गुपचूप पलंग आत सरकवणे वेगळे.

थापी

शेडला चाके लावली, किंवा सरळ मालवाहू कंटेनर आणून ठेवला, तर ते बांधकाम ठरत नाही, असे ऐकले आहे.

गुण्या

ऐकीव आहे. अनेक नियमावल्यांत ‘जमिनीला जोडलेले किंवा जमिनीवर टेकलेले’ अशी व्याख्या असते, आणि वर्षभर एकाच जागी उभ्या असलेल्या वस्तूची चाके तपासनिसाला फारशी दिसत नाहीत. निवासी भागात कंटेनर ठेवायला कित्येक ठिकाणी थेट बंदी असते. त्याखेरीज गृहनिर्माण संघाच्या अटी निराळ्या. कार्यालयाने हो म्हटले तरी संघ नाही म्हणू शकतो, आणि रंग, छपराचा प्रकार, इतकेच काय, शेड रस्त्यावरून दिसते की नाही, इथपर्यंत त्यांची मजल जाते.

परसदार

सर्वांचे आभार. गुण्या यांचे ऐकून नियम वाचला आणि मोजणी करून घेतली. मोजणी करणाऱ्याने धातुशोधक यंत्र कुंपणाच्या रेषेवर फिरवले; तिथे काहीच वाजले नाही. मग तो कुंपण ओलांडून पलीकडच्या झुडपांत शिरला आणि तिथे यंत्र वाजले. वीतभर माती उकरल्यावर हद्दीची खूण म्हणून पुरलेल्या, गंजलेल्या लोखंडी सळईचे टोक लागले, त्यावर प्लॅस्टिकची टोपी, तिच्यावरचे आकडे अजून वाचता येत होते. आमचे कुंपण माझ्याच जागेत 35 सेंटिमीटर आत उभारलेले निघाले. म्हणजे हद्दीपासून शेडच्या भिंतीचे अंतर एक मीटर नसून 1.35 मीटर आहे. आमच्याकडे अंतर भिंतीपासून धरतात आणि वळचण 30 सेंटिमीटरपर्यंत बाहेर आलेली चालते; माझी 20 सेंटिमीटर आहे. एकूण तूट 15 सेंटिमीटरची. एवढ्यासाठी नियमात शिथिलता मागावी, असे मनात आहे.

ओळंबा

मोजणी करून घेतलीत हे उत्तम झाले. पण शिथिलतेच्या अर्जाची घाई करू नका. शिथिलता मिळते ती भूखंडाच्याच अंगभूत अडचणीमुळे, म्हणजे जागा फार अरुंद आहे, तीव्र उताराची आहे, कोनाकृती आहे आणि म्हणून इतरांना जे सहज करता येते ते इथे करता येत नाही, अशा वेळी. शेड आधीच बसवून झाली आहे, हलवणे त्रासाचे आहे, ही अडचण स्वतः ओढवून घेतलेली समजली जाते. केवळ 15 सेंटिमीटर आहेत, हा युक्तिवाद करणारे पुष्कळ येतात, आणि अंगणात दुसरीकडे जागा आहे का, एवढा एक प्रश्न विचारला की बहुतेकांचा युक्तिवाद तिथेच संपतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही नोटिशीच्या दुसऱ्या मुद्द्याकडे पाहिलेलेच नाही. सुविधाधिकाराचा पट्टा किती रुंद आहे आणि तो कोणाच्या नावे आहे? तुमच्या जागेखालून किंवा जागेवरून कोणाची तरी वाहिनी नेण्याचा, आणि ती दुरुस्त करायला खणण्याचा, तो नोंदवलेला हक्क असतो. झोनिंगचे मंडळ सामासिक अंतर शिथिल करू शकते. दुसऱ्याचा हक्क त्याला सोडता येत नाही. उद्या वाहिनी फुटली आणि यंत्र आत आले, तर पट्ट्यावरची शेड बाजूला करण्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो.

परसदार

खरेदीखतासोबतचा नकाशा काढला. मागच्या हद्दीलगत सबंध रुंदीभर 2 मीटरचा पट्टा, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी. घर घेताना मी त्या तुटक रेषा पाहिल्या होत्या आणि झाडे लावण्यासाठी आखल्या असतील असे समजलो होतो. याचा अर्थ माझी भिंत 65 सेंटिमीटर त्या पट्ट्यात आहे, आणि 15 सेंटिमीटरचा हिशेब निरर्थक ठरला. शेड 70 सेंटिमीटर पुढे ओढली की प्रश्न मिटेल ना?

पागोळी

वळचण विसरलात. ज्यांना खणायचे आहे त्यांच्या यंत्राची सोंड वर उचलली जाते.

गुण्या

अगदी बरोबर. छपरावर वाहिनीवाल्यांचा आक्षेप आहे का, ते लेखी विचारा. आणि वाट पाहायची नसेल तर 90 सेंटिमीटर ओढा, म्हणजे भिंत 2.25 मीटरवर आणि वळचणीची कड 2.05 मीटरवर येईल. त्याआधी घरापासूनचे अंतर तपासा, कारण मुख्य इमारत आणि शेड यांच्यात किमान किती अंतर हवे, तेही बहुधा ठरवलेले असते. जमीन उताराची असेल तर उंचीही पुन्हा मोजावी लागेल. इंग्लंडमध्ये शेडला लागून असलेल्या जमिनीच्या सर्वांत उंच भागापासून उंची धरतात, जे मालकाच्या सोयीचे आहे. दुसरीकडे चार कोपऱ्यांची सरासरी धरतात. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण वळचणीची आणि आढ्याची उंची यांत गल्लत करून चुकीचा अर्ज भरणारे बरेच पाहिले आहेत.

शेड तुळयांवर आहे, म्हणून तुमचे नशीब. आधी आतले सर्व सामान बाहेर काढा आणि दरवाजा उघडमीट होऊन चौकट पिळवटू नये म्हणून तो स्क्रूने बंद करा. जॅकने एकेक बाजू थोडी थोडी उचलून खाली फळ्या सरकवा, फळ्यांवर लोखंडी नळ्या ठेवा, आणि ढकलताना मागे मोकळी झालेली नळी पुढे आणून घालत राहा. एका वेळी चार बोटांपेक्षा जास्त उचलू नका आणि कोणालाही छपराला हात लावू देऊ नका.

परसदार

काम झाले. घरापासूनचे अंतर आधी 4.1 मीटर होते, आता 3.2 आहे, नियमाप्रमाणे 3 हवे. कोपऱ्यांची सरासरी घेऊन उंची 2.9 मीटरच भरली, मर्यादा 3 मीटरची आहे. चौघांना दुपारपर्यंतचा वेळ लागला, आणि त्यातला निम्मा नवीन जागी खडी सपाट करण्यात गेला. मोजणीचा नकाशा आणि नव्या जागेची छायाचित्रे जोडून खुलासा पाठवला होता. काल तपासनीस येऊन गेले. त्यांनी कुंपणाकडे पाहिलेसुद्धा नाही, थेट झुडपांतली सळई शोधली आणि तिथे टेपचे टोक धरायला मला सांगितले.

जुन्या जागी पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन तेवढा राहिला आहे. वाहिनीवाल्यांना विचारले, तिथे उथळ मुळांची झाडे चालतील म्हणाले. लेखी मागितले आहे.